शेजारचं बाळ मेंदूज्वरातून घरी आलंय, आम्ही लांब राहायचं का?

पत्राचा सारांश : मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. घरात त्या, पती, सासूबाई, 5 वर्षांची मुलगी आणि 5 महिन्यांचा मुलगा. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मैत्रिणीच्या 14 महिन्यांच्या मुलीला मेंदूज्वर झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन आठवडे इंजेक्शनं चालली, आता ती घरी आली आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘न्यूमोकोकल मेनिन्जायटिस’, म्हणजे न्यूमोकोकस या जंतूमुळे झालेला मेंदूज्वर, असं लिहिलं आहे. सासूबाईंनी त्या घरी जाणं-येणं थांबवायला सांगितलं आहे, गल्लीतल्या काही घरांनी मुलांना अंगणवाडीत पाठवणं बंद केलं आहे. धूर फवारणी करावी म्हणून नगरपरिषदेला अर्ज जाणार आहे आणि त्यावर ताईंची सही मागितली जाते आहे. ताईंच्या बाळाला दीड महिन्याच्या लसींनंतर ताप आला होता, म्हणून पुढच्या लसी राहून गेल्या आहेत. आता पतपेढीतून कर्ज काढून घरातल्या सगळ्यांना खासगी दवाखान्यातली ‘मेंदूज्वराची लस’ द्यावी का, असं त्या विचारतात. शेवटी त्या लिहितात, “तिची छकुली आता हाक मारली तरी वळून बघत नाही, आजारानं गप्प झालीय बिचारी. मला तिच्याकडे जावंसं वाटतं. पण माझंही बाळ लहान आहे. मी चुकतेय का?”

ताई,

तुमच्या सगळ्या प्रश्नांकडे येते, पण पत्रातली शेवटची ओळ आधी घेते, कारण ती थांबू शकत नाही. “हाक मारली तरी वळून बघत नाही.” आजारातून उठलेलं मूल अशक्त असतं, किरकिर करतं, आईच्या कडेवरून उतरत नाही. हे सगळं होतं. पण अशक्त मूलसुद्धा पाठीमागे ताटली पडली की दचकतं. न्यूमोकोकसचा मेंदूज्वर आतल्या कानापर्यंत पसरू शकतो, आणि त्यातून वाचलेल्या मुलांमध्ये ऐकू कमी येणं किंवा अजिबात न येणं हे बऱ्याचदा आढळतं. म्हणून अशा प्रत्येक मुलाची कानाची तपासणी व्हायलाच हवी, आईवडिलांना शंका असो वा नसो. बेरा नावाची तपासणी असते. बाळ झोपलेलं असताना डोक्याला आणि कानामागे चकत्या चिकटवून करतात, त्यात सुई नाही, दुखणं नाही. ती दवाखान्यातून सोडण्याआधी, नाहीतर त्यानंतर चार आठवड्यांच्या आत करायची असते.

इतकी घाई का, तेही सांगते. या आजारानंतर आतल्या कानातली शंखाच्या आकाराची पोकळी काही मुलांमध्ये आतून हाडासारखी भरून यायला लागते, आणि हे काही आठवड्यांतच सुरू होऊ शकतं. ऐकू येणं पूर्ण गेलं असेल तर त्या पोकळीत कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठीचं यंत्र, बसवता येतं, पण पोकळी भरली की शस्त्रक्रिया अवघड होते. “मोठी झाली की बोलेल, काही मुलं उशिराच बोलतात” असं आपल्याकडे प्रेमानं सांगितलं जातं. या बाळाच्या बाबतीत तसं कुणी सांगितलं, तर ऐकू नका.

मैत्रिणीला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायला सांगा. डीईआयसी म्हटलं की तिथे कळतं. अंगणवाडीत मुलं तपासायला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून चिठ्ठी मिळते, पण चिठ्ठी नाही म्हणून थांबू नये, डिस्चार्ज कार्ड पुरेसं बोलकं आहे. पुढे गरज लागलीच तर मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे. कदाचित तपासणीत ऐकू नीट येत असल्याचं निघेल. तसं निघालं तर फारच चांगलं, पण ते तपासणीनं सांगायला हवं.

एवढं सांगायला तुम्हाला तिच्या घरी जावं लागेल. आणि जायला काही हरकत नाही.

तुमच्या गल्लीनं धरून चाललेली पहिली गोष्ट अशी की आजारी पडलेलं घर हा धोका, आणि त्यापासून लांब राहिलं की आपण सुरक्षित. या जंतूचं तसं नाही. न्यूमोकोकस हा नाकात-घशात राहणारा जंतू आहे. कुठल्याही अंगणवाडीत खेळणाऱ्या कितीतरी धडधाकट मुलांच्या नाकात तो आत्ताही असेल. सर्दी, शिंक, एकमेकांच्या तोंडातलं खेळणं यांतून तो या मुलाकडून त्या मुलाकडे जात राहतो आणि बहुतेकांना काहीही करत नाही. फार तर कान दुखतो. एखाद्याच लहान मुलाच्या बाबतीत तो रक्तात शिरतो आणि तिथून मेंदूच्या आवरणांवर जातो. ते मूल कोणतं असेल, हे आधी सांगता येत नाही. दोन आठवडे अँटिबायोटिक घेऊन आलेल्या छकुलीपेक्षा गल्लीतल्या बाकी शेंबड्या नाकांतून तुमच्या बाळाला हा जंतू मिळण्याची शक्यता जास्त आहे. म्हणूनच या प्रकारच्या मेंदूज्वरात शेजाऱ्यांना तर सोडाच, घरच्यांनाही प्रतिबंधक गोळ्या दिल्या जात नाहीत. अंगणवाडी बंद ठेवायचंही काही कारण नाही.

पण दुसऱ्या जंतूचा मेंदूज्वर असता, तर मी वेगळं सांगितलं असतं. म्हणून हे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते : घरात, शेजारी, वसतिगृहात कुणाला मेंदूज्वर झाला की पहिला प्रश्न “कोणत्या जंतूचा?” हाच विचारा.

मेनिन्गोकोकस निघाला तर आजारी माणसाच्या घरातल्या, एका खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांना प्रतिबंधक औषध लागतं आणि तेही शक्यतो एका दिवसाच्या आत. तिथे खरोखर धावपळ करायची असते. दिल्लीत 1966, 1985 आणि 2005 मध्ये याच जंतूच्या साथी आल्या होत्या. हिब नावाचा जंतू निघाला आणि घरात लसी अपुऱ्या राहिलेलं लहान मूल असेल, तर त्या घराला औषध देतात. क्षयरोगाचा मेंदूज्वर निघाला तर उलटा शोध घ्यावा लागतो. त्या मुलापासून इतरांना सहसा धोका नसतो, पण ज्याच्यामुळे मुलाला क्षय झाला तो खोकणारा मोठा माणूस बहुतेक वेळा घरातच असतो. आजोबा, काका, शेजारचे मामा, कुणीही. त्यांची थुंकी तपासल्याशिवाय घरातली बाकी मुलं सुरक्षित नाहीत. हा मेंदूज्वर हळूहळू चढतो, आठवडा-दोन आठवडे बारीक ताप, भूक नाही, उलट्या, मूल मलूल, आणि तोवर घरचे दात येतायत म्हणत राहतात. विषाणूंमुळे होणारा मेंदूज्वर बहुधा सौम्य असतो आणि आपोआप बरा होतो.

विदर्भातल्या वाचकांच्या मनात मेंदूज्वर म्हटलं की जपानी मेंदूज्वर किंवा चांदीपुरा येतो. चांदीपुरा विषाणूला तर नागपूरजवळच्या गावाचंच नाव आहे, 1965 मध्ये तो तिथे सापडला. हे दोन्ही आजार मुख्यतः मेंदूलाच सूज आणतात. जपानी मेंदूज्वर डासांमुळे पसरतो आणि चांदीपुरा वाळूमाशीमुळे, माणसाकडून माणसाला होत नाहीत. तिथे फवारणीला अर्थ आहे. तुमच्या गल्लीत जो जंतू आला तो डासातून येत नाही, त्यामुळे धूर फवारणीनं त्याला काडीचाही फरक पडणार नाही.

आता लस. तुम्ही ज्या लसीसाठी कर्ज काढायला निघाला आहात, ती मी वर्णनावरून ओळखते आहे, ती मेनिन्गोकोकसची लस आहे. चांगली लस आहे. हजला जाणाऱ्यांना ती सक्तीची असते. परदेशात, विशेषतः ब्रिटन-अमेरिकेत शिकायला आणि वसतिगृहात राहायला जाणाऱ्या मुलांनी ती जरूर घ्यावी. प्लीहा काढलेल्या, किंवा प्रतिकारशक्तीचे काही विशिष्ट दोष असलेल्यांना ती लागते. पण न्यूमोकोकसवर ती चालत नाही. तुमच्या शेजारी जे घडलं ते या लसीनं टळलं नसतं, आणि तुमच्या घरातल्या पाच जणांना ती देऊनही टळणार नाही. एका डोसला काही हजार रुपये पडतात. कर्ज काढू नका.

“मेंदूज्वराची लस” असं एकच औषध नसतं, हे आफ्रिकेइतकं स्पष्ट कुठेच दिसलं नाही, आणि त्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत 26 देशांचा एक आडवा पट्टा आहे, त्याला मेनिन्जायटिसचा पट्टाच म्हणतात. कोरडे, धुळीच्या वाऱ्याचे महिने आले की तिथे साथी येतात. 1996-97 च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले, 25 हजार दगावले. बहुतेक साथी मेनिन्गोकोकसच्या ‘ए’ प्रकाराच्या. जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पातून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं फक्त ‘ए’ प्रकारावरची लस तयार केली, अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीत. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासो या देशात ती पहिल्यांदा दिली गेली, 1 ते 29 वर्षांच्या सगळ्यांना. पुढे 2017 नंतर ‘ए’ प्रकाराचा एकही रुग्ण त्या पट्ट्यात निश्चित झालेला नाही. माझ्या मते गेल्या काही दशकांतल्या सार्वजनिक आरोग्याच्या कामांपैकी हे सर्वांत मोठ्या कामांत मोडतं, आणि आपल्याकडे ते फार कमी लोकांना माहीत आहे.

यातल्या दोन गोष्टी तुमच्या गल्लीला लागू आहेत. एक म्हणजे ‘ए’ गेला तरी ‘सी’ आणि ‘डब्ल्यू’ प्रकारांच्या साथी येतच राहिल्या, कारण लस फक्त ‘ए’वर होती. म्हणून सीरमनंच पाच प्रकारांवरची नवी लस केली आणि 2024 मध्ये नायजेरियानं ती सर्वांत आधी वापरली. जंतू एकच असूनही प्रकार बदलला तर लस बदलावी लागते, मग वेगळ्याच जंतूची लस तुमच्या कामाची कशी असेल? दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिथे ज्यांनी लस घेतलीच नव्हती, तेही वाचले. कारण अशा लसीमुळे घशात जंतू बाळगणाऱ्यांची संख्याच कमी होते. न्यूमोकोकसच्या लसीचंही असंच आहे. तुमच्या बाळाला दिलेली लस शेजारच्या अजून लस न झालेल्या तान्ह्यालाही सांभाळते.

आणि ती लस फुकट आहे. तुमच्याच गावात, तुमच्याच नावावर राहिलेली आहे.

दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, अशी न्यूमोकोकसची लस (पीसीव्ही) 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे. हिबवरची लस पेंटाव्हॅलंट (पेंटा) या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीत असते, ती दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. बीसीजी जन्मतःच झाली असेल, ती लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवते. म्हणजे ज्या आजाराच्या भीतीनं तुम्ही शेजारचं दार टाळता आहात, त्यावरचा तुमच्या बाळाचा दुसरा डोस तुमच्याच घरात अडला आहे. मी रागावून लिहीत नाही. पहिल्या लसीनंतर रात्रभर तापलेलं, किंचाळणारं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला पुढच्या वेळी पाऊल उचलवत नाही, हे मला समजतं. त्यात घरातल्या मोठ्यांनी “चांगल्या पोराला सुया कशाला” म्हटलं की संपलंच.

पण तो ताप काय होता ते बघा. पेंटामधल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे पुष्कळ बाळांना ताप येतो, मांडी सुजते, लाल होते. एक-दोन दिवसांत उतरतं. शरीर लसीला ओळखायला शिकतं आहे, त्याची ती खूण आहे, बाळाला लस सोसत नसल्याची नव्हे. सिस्टर वजनानुसार पॅरासिटामॉल सांगतात तेवढंच द्यायचं. अंगावर पाजत राहायचं. सुजेवर बर्फ, हळद, लेप काहीही लावायचं नाही, चोळायचं नाही. लस दिल्यावर लगेच अंगभर गांधी उठल्या, श्वास अडला, किंवा पुढच्या काही दिवसांत झटके आले, बाळ बेशुद्ध झालं, असं काही घडलं असेल तर मात्र पुढच्या डोसआधी डॉक्टरांना सांगायचं. तुमच्या पत्रात तसं काही नाही. आणि साधी सर्दी, किंचित खोकला, दात येणं ही लस टाळायची कारणं नाहीत.

राहिलेले डोस पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत, जिथे थांबलं तिथून पुढे जायचं. तुमच्या बाळाला आता एकाच दिवशी डाव्या मांडीत पेंटा आणि उजव्या मांडीत पीसीव्ही मिळेल, शिवाय पोलिओ आणि रोटाचं काय राहिलं ते सिस्टर बघतील. दोन सुया एका दिवशी टोचल्या म्हणून त्रास दुप्पट होत नाही. पेंटाचा शेवटचा डोस त्यानंतर चार आठवड्यांनी. 5 वर्षांच्या लेकीला पीसीव्हीची आता गरज नाही, निरोगी मुलात या वयात धोका बराच कमी झालेला असतो. तिचा डीपीटीचा पाच वर्षांचा बूस्टर झाला आहे का, तेवढं त्याच फेरीत विचारा.

लस घेऊनही मेंदूज्वर होऊ शकतो का? हो. न्यूमोकोकसचे शंभरच्या आसपास प्रकार आहेत, लस त्यातल्या जास्त त्रासदायक प्रकारांवरच आहे. म्हणून छकुलीच्या आईला “तिच्या लसी झाल्या होत्या का गं?” असं विचारत तिच्या दारात जाऊ नका. झाल्या असतील तरी हे घडू शकलं असतं, झाल्या नसतील तर तिच्या मनाला ते आधीच टोचत असेल. एकदा आजार झाला म्हणजे आता पुन्हा होणार नाही, असंही नसतं. तिच्या पुढच्या लसींचं बालरोगतज्ज्ञांना विचारायला हवं, हे मात्र बेराबद्दल बोलताना जरूर सांगा.

घरात अजून दोन-तीन गोष्टी बघा. चुलीचा, विडी-सिगारेटचा धूर तान्ह्याच्या नाका-घशाचं अस्तर खराब करतो आणि अशा जंतूंना वाट मिळते. बाळ असलेल्या खोलीत तो नको. मुलांचा कान वाहत असेल तर कोमट तेल, लसणीचं तेल घालून बसू नका. मधल्या कानातला पू आत सरकून मेंदूच्या आवरणापर्यंत गेल्याची मुलं दवाखान्यांत येतात. कान वाहिला की कानाच्या डॉक्टरकडेच.

आणि खुणा. मोठ्या मुलांमध्ये ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या, उजेड नकोसा होणं, मान ताठ होऊन हनुवटी छातीला न टेकणं. तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असं नाही. ते दूध ओढणं सोडतं, उचललं तरी शांत होत नाही, उलट जास्तच किंचाळतं, नाहीतर जागंच होत नाही. त्याची टाळू हात लावून बघा. बाळ उभं धरलेलं, रडत नसताना टाळू सपाट किंवा किंचित खोलगट लागते. ती टणक, वर आलेली लागली, तर सकाळची वाट बघू नका. अंगावर लालसर-जांभळे ठिपके दिसले तर त्यावर काचेचा पेला दाबून बघा, दाबूनही ते फिके पडले नाहीत तर तसंच उठा. सावळ्या अंगावर ठिपके कळत नाहीत, तळहात, तळपाय आणि खालच्या पापणीच्या आत बघा. 108 लावा, जिथे बालरोगतज्ज्ञ आहेत तिथे थेट जा. मध्ये कुणाकडून एखादं इंजेक्शन टोचून “उद्या बघू” करण्यात मौल्यवान तास जातात आणि अर्धवट औषधानं पुढचं निदानही बिघडतं. सासूबाईंना दृष्ट काढायची असेल तर बाळ दवाखान्यातून परत आल्यावर काढू द्या. जिवाणूंच्या मेंदूज्वरात सहापैकी एक रुग्ण दगावतो आणि पाचांपैकी एकाला कायमचं काही ना काही अपंगत्व राहतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपचार जितके लवकर, तितकं हे टळतं.

तिथे डॉक्टर म्हणतील, पाठीतलं पाणी काढायचंय. इथे आपल्याकडची कितीतरी घरं अडतात. “पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं पडतं” हे मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. सुई कमरेच्या अशा जागी घालतात जिथे मज्जारज्जू आधीच वर संपलेला असतो. काढतात ते थोडे थेंब, आणि शरीर ते पाणी दिवसभर नव्यानं बनवतच असतं. मुलं लुळी पडतात ती आजारानं, आणि उशिरानं. त्या थेंबांवरूनच कळतं जंतू कोणता, औषध कोणतं, किती दिवस, घरच्यांना गोळ्या लागतील की नाही. छकुलीच्या कार्डावर जंतूचं नाव आलं म्हणून मी तुम्हाला इतक्या खात्रीनं लिहू शकले. पाठीतलं पाणी काढायला डॉक्टरांनी सही मागितली की करा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना लसीकरणाच्या दिवशी सोबत न्या, सिस्टरसमोर त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. नातवाची काळजी म्हणूनच त्या दार बंद करतायत, तीच काळजी त्यांना बाळाला मांडीवर घेऊन सुईच्या वेळी बसायला लावेल.

राहिला नगरपरिषदेचा अर्ज. त्यावर सही कराच, पण मागणी बदलून घ्या. धूर फवारणीच्या जागी लिहा की आमच्या प्रभागात दोन वर्षांखालच्या कोणकोणत्या मुलांचे डोस राहिले आहेत याची यादी आशाताई आणि आरोग्यसेविकेनं घरोघरी जाऊन करावी, आणि अंगणवाडीतच एक जादा लसीकरण सत्र ठेवावं. तुमच्या बाळासारखी तापाला घाबरून राहिलेली आणखी मुलं त्या गल्लीत निघतील याची मला खात्री आहे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाऊन आलेल्या कुटुंबांची नावं आठवणीनं घाला, त्यांची मुलं याद्यांतून सुटतात. अर्जाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. तुमच्या बाळासाठी मात्र त्या सत्राची वाट बघू नका, या आठवड्यातच जा. कार्ड सापडत नसेल तरी जा, सिस्टरच्या नोंदवहीत पहिल्या डोसची तारीख असते, त्यावरून नवं कार्ड करून मिळतं.